अंश मोजलेत, छेद राहिला

प्रति,
महाराष्ट्रात मणक्याची ऑपरेशनं करणाऱ्या आणि त्यांच्या निकालांवर शोधनिबंध लिहिणाऱ्या डॉक्टर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. माझ्या पाठीत दोन रॉड आणि 16 स्क्रू आहेत. 2006 साली नववीत असताना, दिवाळीच्या सुट्टीत मुंबईत माझं ऑपरेशन झालं. कणा बाजूला वाकला होता, डॉक्टर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. आधी बाक 58 अंशांचा होता, नंतर 21 राहिला. हे आकडे मला पाठ आहेत, कारण दहावीचे टक्के विचारावेत तसे नातेवाईक मला माझे अंश विचारायचे.

ऑपरेशनबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. ते चांगलं झालं. ज्यांनी केलं त्या डॉक्टरांचं नाव आमच्या घरात अजून हात जोडून घेतात. माझं म्हणणं आहे ते हिशेबाबद्दल.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मोबाइलवर उघडतील तेवढे तुमचे निबंध मी वाचून काढले. इंग्रजी जड जातं, पण तक्ते कळतात. आणि बहुतेक निबंधांत एक वाक्य भेटत गेलं : किमान दोन वर्षांचा फॉलोअप असलेले रुग्ण अभ्यासात घेतले. म्हणजे जे दोन वर्षांनी परत आले नाहीत, ते आधीच वगळले. उरलेल्यांचा निकाल लावला. डॉक्टरसाहेब, वर्गात 60 मुलं, परीक्षेला बसली 38, पास झाली 36, आणि शाळेनं फळ्यावर ‘निकाल 95 टक्के’ लिहिलं, तर आमच्या गावात पालक शाळेवर मोर्चा आणतील. तुमच्याकडे ते छापून येतं.

मराठीत कोनाचं माप म्हणजे अंश आणि अपूर्णांकाच्या डोक्यावरचा आकडाही अंशच. खालचा तो छेद. तुम्ही चाकूनं देता तोही छेद. अंश तुम्ही फार काळजीपूर्वक मोजता. कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 1948 साली दाखवलेल्या रीतीनं, फिल्मवर रेघा ओढून. माझी तक्रार छेदाची आहे. खालच्या आकड्यात मी नाही.

सहा आठवड्यांनी मी आले होते. सहा महिन्यांनी आले, वर्षानं आले. दोन वर्षांची तारीख पडली ती 2008 च्या नोव्हेंबरात. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे कापसाची वेचणी. मजूर मिळत नाहीत, वेचलेला माल घरात ठेवून माणूस गाव सोडत नाही. मुंबई म्हणजे जळगावहून रात्रीची गाडी, डोंबिवलीला मावशीकडे दोन मुक्काम, ओपीडीची रांग, आणि शेवटी पाच मिनिटांत ‘छान आहे, पुढच्या वर्षी या’. वडील म्हणाले, छानच आहे ना, मग कशाला? ते चुकले असं मला आजही म्हणवत नाही. माझं दुखत नव्हतं म्हणून मी आले नाही. पण ज्यांचं फार दुखत होतं, तेही आले नसतील. ते चिडून दुसऱ्या दवाखान्यात गेले असतील, किंवा पैसे संपले म्हणून कुठेच गेले नसतील. तुमच्या तक्त्यात आम्ही दोन्ही प्रकारचे एकाच रकान्यात पडतो, किंवा त्या रकान्यातही नाही.

माझा बाक सापडला कसा, तेही सांगते. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई मला न्हाऊ घालत होती. मी पाटावर बसून पुढे वाकलेली, केस समोर घंगाळात सोडलेले. शिकेकाईचा हात पाठीवरून फिरला आणि थांबला. उजवी बाजू फळी ठेवल्यासारखी वर आली होती. आई म्हणाली, ‘पोरी, तुनी पाठ वाकडी काबर शे?’ पुढे वाकवून पाठ पाहायची ही तपासणी विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज सर्जननं 1865 साली सांगितली, हे मला फार नंतर कळलं. आईनं ती तांब्या हातात घेऊन केली. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येऊन गेलं होतं. दात पाहिले, डोळे पाहिले, वजन केलं. वाक म्हणून कोणी म्हटलं नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलीची पाठ आमच्याकडे घरातही कोणी बघत नाही; ओढणी येते ती याच वयात, आणि हाड झपाट्यानं वाढतं तेही याच वयात.

आता मी शाळेत मुलींना पीटीच्या तासाला वाकायला लावते. सगळ्यांची अशी तपासणी करावी की नाही यावर जगात एकमत नाही, हे वाचलंय. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटानं 2004 साली करू नका म्हटलं आणि 2018 साली पुरावा अपुरा आहे म्हटलं. मी कुठला कार्यक्रम चालवत नाही. वाकायला लावायला पैसे पडत नाहीत, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक सहावीतली मुलगी सापडली. 28 अंश. तिला ऑपरेशन नको होतं, ब्रेस हवा होता, म्हणजे बाक वाढू नये म्हणून धडावर घालायचा कडक पट्टा. आमच्याकडे बेल्ट म्हणतात. बेल्टचा उपयोग होतो हे नीट सिद्ध व्हायला 2013 साल उजाडलं. अमेरिका आणि कॅनडातल्या 25 केंद्रांत तो अभ्यास झाला. बेल्ट घातलेल्यांपैकी 72 टक्के मुलं हाडांची वाढ संपेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी 48 टक्के. दिवसाला तेरा तास किंवा जास्त घालणाऱ्यांत दहापैकी नऊ जण 50 च्या आत राहिले. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास वेळेआधी थांबवला. हा मी वाचलेला सगळ्यात सुंदर तक्ता. पण त्यात एक गंमत आहे. मुलं खरोखर किती तास बेल्ट घालतात हे कळावं म्हणून बेल्टच्या आत तापमान नोंदणारं छोटं यंत्र बसवलं होतं. अंगाची ऊब लागली की घातलाय असं धरायचं. आमच्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. तो बेल्ट खुंटीला टांगून ठेवला तरी यंत्र म्हणेल, पोरगी फार शहाणी, 24 तास घालते.

हसण्यावारी नेऊ नका. ती मुलगी एप्रिलपासून जूनपर्यंत बेल्ट घालू शकली नाही. काखेत आणि कमरेवर घामोळ्यांच्या जखमा झाल्या. तिच्या आईनं मला विचारलं, बाई, उन्हाळ्यात किती तास चालेल? माझ्याकडे कॅनडाचं उत्तर होतं. खान्देशचं उत्तर तुमच्यापैकीच कोणीतरी शोधून द्यायचं आहे. ते काढायला मोठं यंत्र नको, दहा-पंधरा मुली आणि एक वही पुरे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही म्हणाल, बाई, पेशंटच येत नाहीत, आम्ही काय करणार. येत नाहीत, खरं आहे. पण का सापडत नाहीत, याचं एक कारण मी सांगते, कारण ते मी जगले आहे. ऑपरेशनपर्यंत जाणारे मोठे बाक बहुतेक मुलींचे असतात. मुलगी चौदाव्या वर्षी येते तेव्हा केस पेपरवर वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव, घरचा लँडलाइन. दहा वर्षांनी तिचं लग्न होतं. आडनाव बदलतं, गाव बदलतं, काही घरांत पहिलं नावसुद्धा बदलतं. लँडलाइन तर केव्हाच काढून टाकलेला. म्हणजे ज्या आजारात मुली जास्त, त्याच आजारात दहा-वीस वर्षांनी शोधायला जावं तर माणूस कागदावरून पुसलेलं. निबंधात तुम्ही ‘संपर्क तुटला’ लिहिता. मी अमळनेरहून पारोळ्याला गेले होते, चंद्रावर नाही.

स्वीडनमध्ये प्रत्येक नागरिकाला जन्माचा एकच क्रमांक असतो, 1947 पासून. त्याच्या जोरावर गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी 1960-70 च्या दशकांत उपचार केलेल्या मुलामुलींना वीस वर्षांनंतर पुन्हा गाठलं, आणि दहापैकी नऊहून अधिक जण सापडले. ज्यांचं ऑपरेशन झालं तेही आणि ज्यांना नुसता बेल्ट होता तेही. त्यांना पाठदुखीबद्दल विचारलं, कामाबद्दल विचारलं, बायकांना बाळंतपणाबद्दल विचारलं. मुलं होण्याच्या बाबतीत इतर बायकांहून फारसा फरक नाही, असं निघालं. हे एक वाक्य 2006 साली माझ्या आईला कोणी सांगितलं असतं, तर तिची कितीतरी वर्षांची झोप वाचली असती.

त्याहून मला आवडतात ते आयोवाचे लोक. आयोवा म्हणजे मक्याचा मुलूख, शेतकऱ्यांचा, आपल्यासारखाच. तिथल्या विद्यापीठाच्या दवाखान्यात 1932 ते 1948 या काळात आलेले, उपचार न घेतलेले बाकवाले रुग्ण डॉक्टर पिढ्यान्पिढ्या शोधत राहिले. एक डॉक्टर म्हातारा झाला की दुसऱ्यानं वही घेतली. सरासरी 50 वर्षांनंतरचा निकाल 2003 साली छापला. उपचाराविना राहिलेल्यांपैकी 61 टक्क्यांना जुनाट पाठदुखी होती, बाक नसलेल्यांपैकी 35 टक्क्यांना. म्हणजे दुखणं जास्तच. पण दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांचं थोडं किंवा मध्यम. ही माणसं कामाला जात होती, संसार करत होती. दिसण्याचा सल मात्र होता.

हा आकडा वाचून मी दोन दिवस गप्प होते. ऑपरेशन केलं नसतं तर? 58 चा बाक वाढ संपल्यावरही वर्षाला अंशभर सरकत राहतो, हेही त्याच आयोवाच्या वह्यांतून कळलेलं, त्यामुळे माझ्या बाबतीत उत्तर बहुधा तेच राहिलं असतं. पण ‘बहुधा’ हा शब्द मी आज लिहितेय. वडिलांकडून सही घेतली तेव्हा तो कोणी उच्चारला नव्हता. 2015 साली जगभरचे अभ्यास चाळून, ऑपरेशन आणि बिनऑपरेशन यांची नीट तुलना शोधायचा प्रयत्न झाला, तेव्हा निकषांत बसणारा एकही अभ्यास हाती लागला नाही. याचा अर्थ ऑपरेशन वाईट, असा मी काढत नाही. कृपा करून कोणीही काढू नये. 45 अंशांची पोर घरी ठेवून बसणारे पालक मी पाहिले आहेत.

दोन वर्षांत काय कळत नाही, याचा दाखला तुमच्याच शास्त्रात आहे. ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टननं पोलिओनं पाठ वाकलेल्या मुलांसाठी स्टीलचा रॉड काढला, 1962 साली तो निबंधातून जगाला सांगितला. मोठं काम होतं. बाक सरळ व्हायचा, फिल्म सुंदर दिसायची. पण रॉड सरळ, आणि माणसाची कंबर मुळात सरळ नसते, तिला आत जाणारा गोलावा असतो. तो पुसला गेला. पंधरा-वीस वर्षांनी त्यातली कितीतरी माणसं पुढे झुकून चालू लागली, गुडघे वाकवल्याशिवाय ताठ उभं राहता येईना. दोन वर्षांच्या फॉलोअपमध्ये ती सगळी यशस्वी होती. नंतर फ्रेंचांनी कण्याला वळवून सरळ करायची पद्धत आणली, मग प्रत्येक मणक्यात स्क्रू आले. आम्ही त्या स्क्रूवाल्या सुरुवातीच्या पिढीतल्या. आता तिशी-पस्तिशीत आहोत. रॉडच्या खालचे जे मोकळे मणके आहेत, सगळं वाकणं-वळणं ज्यांच्यावर येऊन पडलंय, त्यांचं काय झालं हे आमच्याच पाठीत लिहिलेलं आहे. वाचायला कोणी येत नाही.

2019 साली धुळ्याच्या एका छोट्या दवाखान्यात माझं सिझेरियन ठरलं. भुलीच्या डॉक्टर आल्या, पाठ पाहिली, म्हणाल्या, ताई, लोखंड कुठपर्यंत आहे? मला माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्डवर ‘कण्याचा बाक दुरुस्त केला’ एवढंच. नवऱ्यानं मुंबईला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, इतकी जुनी फाइल ठेवत नाहीत. त्यांचाही दोष नसावा; 2002 च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचे असतात. पोरीच्या पाठीत घातलेला धातू मरेपर्यंत राहणार आणि कागद तीन वर्षं. शेवटी वडील मोटारसायकलवर फिल्म घेऊन आले. तेरा वर्षं ती त्यांनी कोठीवर, कापसाच्या काटापट्ट्यांच्या पिशवीत जपून ठेवली होती. भुलीच्या डॉक्टरांनी ती खिडकीशी धरली, स्क्रू मोजले, शेवटचा कमरेच्या पहिल्या मणक्यात. त्याच्या खाली भुलीची सुई घातली. मुलगा झाला. माझ्या ऑपरेशनचं सगळ्यात चांगलं रेकॉर्ड एका कापूसवाल्या शेतकऱ्यानं ठेवलं, आणि त्याची नोंद कुठल्याच अभ्यासात नाही.

तुमची 22 प्रश्नांची प्रश्नावलीही मी सोडवून पाहिली. 1966 साली स्थापन झालेल्या स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीच्या नावानं जगभर वापरतात ती. दुखणं, काम, दिसणं, मन, समाधान. प्रश्न चांगले आहेत. पुन्हा तोच उपचार घ्याल का, हा तर फारच प्रामाणिक. पण घरकामाच्या प्रश्नाशी मी अडले. कुठलं घरकाम? ओट्याशी उभं राहून स्वयंपाक मी दिवसभर करीन. खाली बसून खापरावर मांडे भाजायचे म्हटले की अर्ध्या तासात पाठीची फळी होते. माझी चुलतबहीण, तिलाही असेच रॉड असते तर, कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचू शकली असती का? लग्नात शंभर जणांच्या पाया पडताना आपण कंबरेतून नाही, खुब्यातून वाकतो, हे माझ्या सासूबाईंना कसं सांगायचं? मला ‘ताठ आहे हो सून’ असं ऐकावं लागलं. ते अक्षरशः खरं होतं, हा भाग वेगळा. आणि हे सगळं कागदावर टिकमार्क करून नाही कळणार. फोन करा, ‘पाठ दुखस का?’ म्हणून विचारा, मग ऐकत बसा. अहिराणी येणारी नर्स किंवा विद्यार्थी तुमच्याकडे नक्की असेल. आमची अर्धी पोरं पुण्या-मुंबईतच आहेत.

एका मुलीबद्दल सांगायचंच राहिलं होतं, खरं तर तिच्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर होती. अक्राणीकडची, सातपुड्यातली. तिचा बाक शंभराच्या पुढे होता, चार पावलं चालली की धाप लागायची. ऑपरेशनआधी कणा हळूहळू ताणावा म्हणून तिच्या कवटीला कडं बसवून वजनं टांगलेली, कित्येक आठवडे. मी आले तेव्हा ती होती, मी निघाले तेव्हाही होती. तिची पावरी बोली मला येत नव्हती, माझी अहिराणी तिला निम्मी कळायची. त्या कड्यासकट ती माझ्याशी सागरगोटे खेळायची. मान हलत नसल्यामुळे वर उडालेला गोटा तिला दिसायचा नाही, आवाजावरून झेलायची. तिचे वडील खाटेखाली झोपायचे. तिचं ऑपरेशन झालं का, धाप कमी झाली का, ती आहे का, मला माहीत नाही. वर्षाच्या फॉलोअपला मी नर्सला विचारलं, ती म्हणाली, तो पेशंट परत आला नाही. तिच्या अक्राणीतल्या धडगावहून मुंबईला परत येणं म्हणजे काय, हे नकाशा उघडून एकदा बघा. माझ्या 58 चे 21 झाले याला फार मोठा अर्थ नाही, माझ्यासारख्या केसेस चांगल्याच होतात. ऑपरेशननं काय साधलं, हे तिच्यावरून कळलं असतं.

तर मागणं एवढंच. घरी सोडताना प्रत्येक मुलीच्या हातात मराठीत एक कार्ड द्या : कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत, किती स्क्रू, कोणता धातू, एमआरआय चालतो का. केस पेपरवर आईचं माहेरही लिहून घ्या आणि मामाचा नंबर. मुलगी कुठेही नांदायला गेली तरी मामाला पत्ता असतोच. फॉलोअपसाठी मुंबईला बोलावू नका. धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, 2018 पासून जळगावलाही आहे. तिथल्या हाडांच्या विभागाशी बोलून ठेवा की उभ्यानं, मानेपासून खुब्यापर्यंत एका फिल्मवर एक्स-रे काढायचा. गावातल्या सेंटरवर मला टेबलावर झोपवून दोन तुकड्यांत काढला होता, आणि झोपलं की बाक कमी दिसतो. ते अंश पाहून आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. आणि पुढचा निबंध लिहाल तेव्हा पहिल्या तक्त्यात पहिली ओळ ही टाका : एकूण इतक्यांचं ऑपरेशन केलं, त्यातले इतके शोधले, इतके सापडले. आकडा लाजिरवाणा असला तरी टाका. आम्ही शाळावाले गळतीचा आकडा दरवर्षी लिहितो, आम्हालाही लाज वाटतेच.

2006 ची एखादी यादी तुमच्यापैकी कोणाच्या कपाटात शिल्लक असेल, तर माझं नाव तीत माहेरच्या आडनावानं आहे. फोन केलात तर शाळा सुटल्यावर, सहानंतर करा. आखाजीला केलात तर मी माहेरी असेन, आई पण बोलेल. तिला तुम्हाला एक विचारायचं आहे. डिस्चार्ज कार्डवर ‘जड वस्तू उचलू नये’ असं लिहिलंय, कधीपर्यंत ते लिहिलेलं नाही. 19 वर्षं झाली, माहेरी गेले की ती मला अजून पाण्याचा हंडा उचलू देत नाही.

आपली,
कपाटातल्या त्या यादीतली एक